समोरून डावा

मास्तर: चार वाजून अकरा मिनिटं. बाविसावी पकड. डावा हात सुटला. वहीत एवढंच लिहिलंय मी.

पाल: आणि मी खाली आले, ते?

मास्तर: हात सुटला म्हटल्यावर खालीच येणार. वर कोण जातंय? बस आधी.

पाल: बसवत नाहीये. बसलं की हात आणखी जड होतात.

ताई: मग नुसते लोंबकळत ठेवू नकोस. पाच सेकंद वर, पाच सेकंद खाली. वर धरलेस की साचलेलं रक्त उतरतं, खाली आणलेस की ताजं येतं.

पाल: अशी हात वर-खाली करत बोळात फिरू? लोकांना वाटेल विमान उतरवतेय.

मास्तर: लोकांना वाटायचं ते वाटू दे. उपांत्य फेरीत आठजणींत आठवी आलीस. आठवी, म्हणजे अंतिम फेरीत सगळ्यांच्या आधी भिंत चढायची. बरोबर सहाला. आत्ता पाचला अठरा मिनिटं कमी आहेत. सव्वापाचला तुम्हा आठजणींना आत बंद करतील, फोन काढून घेतील, मग बाहेरच्या माणसाशी एक शब्द नाही. तेव्हा काय बोलायचं ते आत्ता.

पाल: मग बोला ना! तुम्ही वहीत बघताय, ताई लॅपटॉपमध्ये बघतेय. माझ्याकडे कुणी बघतंय का?

मास्तर: मी बघतोय. डावा का सुटला?

पाल: सुटला.

मास्तर: ते लिहिलंय मी. का?

पाल: भरून आला. हा घ्या, दाबून बघा. कोपरापासून मनगटापर्यंत लाकूड झालंय. अठराव्या पकडीला विसावा होता, तिथे थांबले. डाव्यावर लटकले, उजवा झटकला. चाळीस सेकंद. मग हात बदलला, दहा सेकंद. अगदी ठरल्याप्रमाणे. निघाले, चार पकडी गेले आणि डाव्याची बोटं उघडली. मी नाही उघडली. आपोआप. दाराची कडी निघावी तशी.

मास्तर: आणि उजवा?

पाल: उजवा मजेत. एकट्यानं अजून दहा पकडी ओढल्या असत्या.

मास्तर: हे उलटं झालं. डावा तुझा चांगला हात. बाई, काय आकडा आहे तुमचा?

ताई: डावा अकरा सेकंद. उजवा चोवीस.

मास्तर: म्हणजे?

ताई: तुम्हाला पाठ आहे ते, मास्तर.

मास्तर: मला आहे. हिला पुन्हा एकदा ऐकू दे.

पाल: मलाही पाठ आहे. बोटांना स्वतःचा जोर नसतो. बोटं ओढणाऱ्या दोऱ्या कोपराखालच्या स्नायूंतून येतात. घट्ट पकडलं की तो स्नायू फुगतो आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. पाण्याच्या पाइपवर पाय दिल्यासारखं. आतला प्राणवायू संपत जातो. पकड सोडली की पाय उचलला, पाणी परत सुरू. ताई हाताला तो लाल दिव्याचा पट्टा बांधते आणि बघते की गेलेल्यातलं अर्धं परत यायला किती वेळ लागतो. डाव्याला अकरा, उजव्याला चोवीस. म्हणून विसाव्यावर उजव्याला सुट्टी जास्त आणि डाव्यानं ड्युटी करायची. पास?

मास्तर: तोंडी परीक्षेत पास. सुट्टी उजव्यानं घेतली, ड्युटी डाव्यानं केली, इथपर्यंत बरोबर. मग डावाच का जावा? मी सांगतो. घाबरून आवळत होतीस. जिथे दोन बोटांचं काम तिथे मूठ. जुनी खोड आहे तुझी.

पाल: घाबरले नव्हते.

मास्तर: संघात एकच जागा उरलीय आणि वय एकतीस. माणूस घाबरतो. त्यात लाज काय?

पाल: एकतीस, एकतीस करू नका हो. बाकीच्या सातजणी मला मावशी म्हणतात, तेवढं पुरे आहे. आज पहिली आले तर संघात. नाहीतर पुढच्या वर्षी याच भिंतीखाली दुसऱ्या कुणाचा दोर धरून उभी राहीन. हे मला कळतं. सारखं सांगू नका.

मास्तर: बाई, तुम्ही का गप्प?

ताई: काही नाही. जुन्या फायली बघतेय.

मास्तर: बघा. मी आयोजकांच्या टेबलापाशी जाऊन येतो, वेळ बदललीय का ते विचारतो. हिला पाणी द्या, घोट घोट. आणि हिला कशाला लटकू देऊ नका. दाराच्या चौकटीलासुद्धा नाही.

पाल: गेले. ताई, तुझा चेहरा असा का झालाय?

ताई: कसा?

पाल: गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखा.

ताई: मनात एक पाल चुकचुकतेय.

पाल: मी तर काहीच बोलले नाही.

ताई: चेष्टा नको गं. खरंच.

पाल: नाव तूच ठेवलंस. चौकटीवर चढून बसायचे म्हणून. आता भोग. बोल.

ताई: चौथ्या चाचणीच्या दिवशी मी कुठे बसले होते?

पाल: प्रयोगशाळेत. अजून कुठे?

ताई: खोलीत कुठे? तुझ्या मागे की समोर?

पाल: मागे. तू नेहमी... नाही, थांब. त्या दिवशी छताच्या एसीतून पाणी गळत होतं. तू टेबल ओढून खिडकीकडे नेलंस, खुर्चीशेजारी बादली ठेवलीस. समोर. समोर बसली होतीस. मी म्हणालेसुद्धा, तुझं तोंड बघून मूठ जास्त आवळली जाते.

ताई: आणि त्याआधी तिन्ही वेळा मागे.

पाल: खांद्यामागे. पेनाचा आवाज यायचा, दिसायची नाहीस. का विचारतेयस?

ताई: हे बघ. पहिली चाचणी: डावा तेवीस, उजवा अकरा. दुसरी: डावा चोवीस, उजवा बारा. तिसरी: डावा तेवीस, उजवा अकरा. आता चौथी: डावा अकरा, उजवा चोवीस. पाचवी तशीच. सहावी तशीच.

पाल: हो मग. डावा सुधारला. गेल्या वर्षी त्याचं बोट दुखावलं, तो मागे पडला, मास्तरांनी महिनाभर त्याला वजनं टांगली, तो सुधारला. उजवा थकला. मग वजनं उजव्याला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तूसुद्धा.

ताई: तिसऱ्या आणि चौथ्या चाचणीत नऊ दिवसांचं अंतर आहे.

पाल: बरं.

ताई: नऊ दिवसांत तेवीसचे अकरा होत नाहीत. आणि त्याच नऊ दिवसांत अकराचे चोवीस? एक हात जेवढा सुधारला, नेमका तेवढाच दुसरा बिघडला? मी अहवालात लिहिलं, 'डाव्या हातात लक्षणीय सुधारणा.' खाली रेघ मारली. ती रेघ मारताना तरी मला कळायला हवं होतं.

पाल: ताई, माझ्याकडे वीस मिनिटं आहेत. सरळ सांग.

ताई: मी तुझ्यासमोर बसले, आणि माझ्या डावीकडे जो हात होता त्याला डावा म्हटलं.

पाल: तुझ्या डावीकडे.

ताई: माझ्या डावीकडे. म्हणजे तुझा उजवा.

पाल: म्हणजे डावा सुधारलाच नाही.

ताई: बहुतेक.

पाल: बहुतेक! चार आठवडे मी उजव्याला वजनं टांगतेय, त्याला गरज नसताना. ज्याला गरज होती तो बसून. आणि विसावा आला की त्या बसलेल्यालाच पुढे करायचं, चाळीस सेकंद. ताई, मी तुला म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं, डावा जड वाटतोय.

ताई: म्हणाली होतीस. मी म्हणाले, वाटण्यावर जाऊ नकोस, आकडा बघ.

पाल: तेच. शब्द न् शब्द तेच.

ताई: अजून मला खात्री नाही. खात्री करून घ्यायचीय, म्हणून विचारतेय. नीट आठवून सांग. मी दर वेळी आधी डावा हात घेते, मग उजवा. हा क्रम मी कधीच मोडत नाही. आणि तू घड्याळ उजव्या हातात घालतेस.

पाल: बोट दुखावलं तेव्हापासून.

ताई: पट्टा बांधायच्या आधी मी घड्याळ काढायला लावते. पहिल्या तीन वेळा कधी काढलंस?

पाल: मधे. एक हात झाला की तू म्हणायचीस, आता घड्याळ काढ.

ताई: म्हणजे डावा झाल्यावर. आणि चौथ्या वेळी?

पाल: चौथ्या वेळी... टेकले आणि काढलं. तू पहिलं वाक्य तेच बोललीस, घड्याळ काढ. मी ते बादलीच्या काठावर ठेवलं आणि ते आत पडलं. हात घालून काढलं. माझा हात कोपरापर्यंत ओला, तू हसत हसत पुसलास आणि त्याच हाताला पट्टा बांधलास.

ताई: त्याच हाताला? नक्की?

पाल: पट्टा घसरत होता, ओलाव्यानं. दोनदा बांधलास. हे बघ, घड्याळाच्या काचेत अजून वाफ आहे त्या दिवसाची.

ताई: उजवा.

पाल: उजवा.

ताई: पहिला पट्टा उजव्याला बांधला, आणि पहिल्या रकान्यात नेहमीसारखं 'डावा' लिहिलं.

पाल: पाचव्या वेळी? सहाव्या?

ताई: टेबल अजून खिडकीपाशीच आहे.

पाल: छान. एसी दुरुस्त झाला असेल ना निदान?

ताई: झाला.

पाल: ताई, शाळेचे बूट आठवतात तुला?

ताई: हे काय मधेच?

पाल: मधेच नाही. मी पाच वर्षांची. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, धाकटीला डावं-उजवं कळत नाही. डॉक्टरांकडे नेलं होतं मला, त्यांनी गुडघ्यावर हातोडीसुद्धा मारून बघितली. आणि तू रोज सकाळी बूट घालताना मला शिकवायचीस. पायरीवर बसायचीस, हात वर करायचीस, म्हणायचीस, हा डावा. मी बघून त्याच बाजूचा वर करायचे.

ताई: आणि मी टपली मारायचे.

पाल: पायरीवर कशी बसायचीस?

ताई: तुझ्या... समोर.

पाल: समोर. तेव्हाही समोरच. दोन वर्षं. मग एकदा बाबा माझ्या मागे उभे राहिले, माझा हात धरून वर केला, म्हणाले, हा. संपलं. एका सकाळीत कळलं मला. घरात सगळे म्हणाले, उशिरा अक्कल आली.

ताई: तू हे कधी बोलली नाहीस.

पाल: मीही कधी जोडून बघितलं नव्हतं. आत्ता जोडलं.

ताई: चुकलं माझं.

पाल: कुठलं? तेव्हाचं की आत्ताचं?

ताई: दोन्ही.

पाल: रडू नकोस. तू रडलीस की मला चिडता येत नाही, आणि आत्ता मला चिडायचंय. किती वाजले?

ताई: पाच वाजून तीन.

पाल: एक मिनिट लटकून बघू का? एकेका हातानं, त्या चौकटीला. पट्टा नको, यंत्र नको. कुठला आधी सुटतो ते लगेच दिसेल.

ताई: दिसेल. आणि तेवढ्यासाठी जे खर्च होईल ते सहापर्यंत भरून निघेल की नाही, मी सांगू शकत नाही. मघाचंच अजून उतरलेलं नाही.

पाल: म्हणजे बघायचं तर हात जाणार आणि नाही बघायचं तर...

मास्तर: कोण लटकतंय? मी काय सांगून गेलो होतो?

पाल: कुणी नाही लटकत. मास्तर, तुम्ही बसा.

मास्तर: मी बसू? तू मला बसायला सांगतेस, म्हणजे काहीतरी झालंय. वेळ तीच आहे, सहा. काय झालं?

ताई: चौथ्या चाचणीपासूनचे आकडे उलटे आहेत.

मास्तर: उलटे म्हणजे?

ताई: डावा तो उजवा, उजवा तो डावा. चूक माझी आहे. मी समोर बसले होते.

मास्तर: बाई, त्या आकड्यावर मी तासभर व्याख्यान दिलंय. बारा प्रशिक्षकांसमोर. 'दुबळा हात महिन्याभरात कसा उभा केला.' फळ्यावर आलेख काढला होता.

पाल: पहिली काळजी व्याख्यानाची. वाटलंच होतं.

मास्तर: तू गप्प. काळजी कुणाची आहे ते मला माहीत आहे. पुरावा काय?

पाल: घड्याळ बादलीत पडलं.

मास्तर: हा पुरावा?

ताई: मी आधी डावा हात घेते. त्या दिवशी घड्याळ आधी काढावं लागलं. घड्याळ तिच्या उजव्या हातात असतं. म्हणजे पहिला हात उजवा होता, आणि तो मी डाव्याच्या रकान्यात लिहिला. आकड्यांची अदलाबदल नेमकी त्याच दिवशी झालीय.

मास्तर: म्हणजे आठवणीवर. चार आठवड्यांपूर्वीची आठवण, तीही पडल्यावर तासाभरानं. हरलेल्या माणसाला काय वाट्टेल ते आठवतं.

पाल: हरले नाहीये. आठवी आहे.

मास्तर: ऐक. उलटे असतील, मान्य. पण मग चार आठवडे तुझ्या चांगल्या हातावर वजनं लटकलीत, तो आतून थकलेला असेल. आणि दुबळा चार आठवडे आरामात आहे, कदाचित सावरला असेल. आज कुठला किती सेकंदांत भरतो, ते यांच्या फायलीत नाही आणि माझ्या वहीतही नाही. पण डाव्यावर विसावायचं हे तू शेकडो वेळा घोटलंयस. पाय कुठे, कंबर कुठे, नजर कुठे. ते सगळं तासाभरात आरशात धरल्यासारखं उलटं करायचं? भिंतीवर विचार करायला लागलीस की बोटं आवळणार. आवळलीस की संपलं.

ताई: पण डावा सुटला, मास्तर.

मास्तर: ती एक घटना.

ताई: एकच. पण ती माझ्या फायलीत नाही, तुमच्या वहीत आहे. चार वाजून अकरा मिनिटं. तुम्हीच लिहिलीत, आणि तुम्ही समोर नव्हता, मागे होता.

मास्तर: हे उद्या सांगता आलं नसतं तुम्हाला?

ताई: उद्या सांगून काय करायचं होतं?

मास्तर: आणि आज सांगून काय केलंत? तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि हिच्या डोक्यात किडा सोडलात. पन्नास मिनिटं आधी!

ताई: मला कळलं पाचला दहा कमी असताना. पाचला सांगितलं. तेवढीच दहा मिनिटं गप्प बसले. तेवढंही बसायला नको होतं.

पाल: झालं तुमचं? दोघं माझ्या हातांबद्दल असं बोलताय जसे ते कुणीतरी टेबलावर आणून ठेवलेत. अजून माझ्या खांद्याला आहेत ते.

मास्तर: बरं. मग तुला काय वाटतं?

पाल: वाटण्यावर जाऊ नये म्हणतात.

ताई: मी विचारतेय आता. काय वाटतंय हातांना?

पाल: आता विचारतेस, कारण आकडा मेला. मी मघापासून दाबून बघतेय. डावा अजून लाकूडच आहे. उजवा मऊ पडलाय. एवढं कळतं. सहाला काय असेल ते नाही कळत. कुणालाच नाही कळत ना?

ताई: नाही.

पाल: हे 'नाही' तू पहिल्यांदाच बोललीस. नेहमी 'साधारणपणे' म्हणतेस.

मास्तर: पाच बारा. चल.

पाल: पावडरची पिशवी कुठेय? ही. बूट. पाणी. मास्तर, माझा अंगठ्याचा पट्टा... सापडला. ताई, घड्याळ आत नेता येत नाही. धर.

ताई: विसावा आला की कुठल्या हातावर थांबणार आहेस?

पाल: आत जाऊन ठरवते.

मास्तर: आत विचारायला कुणी नसेल.

पाल: म्हणूनच.

मास्तर: मी अकरा वर्षं सांगतोय, ठरवून चढावं. चढत ठरवू नये.

पाल: हो मास्तर. चिडू नका, वहीत लिहा. ताई, तू शेवटच्या रांगेत बस. रडलीस तर दिसता कामा नये.

(सहा वाजून एक मिनिट. प्रेक्षकांच्या बाकांवर, शेवटची रांग.)

मास्तर: नववी. दहावी. घाई करतेय.

ताई: घाई नाही ती. अस्वस्थ असली की अशीच चालते. घरातसुद्धा.

मास्तर: तुम्ही भिंतीकडे का बघत नाही?

ताई: मला उंची बघवत नाही. तिच्या एकाही स्पर्धेत मी वर बघितलेलं नाही. तुम्ही सांगत राहा, म्हणजे कळतं.

मास्तर: बारावी. दोन्ही पाय छान. तेरावी. आणि त्या धुरकट घड्याळात काय दिसतंय तुम्हाला?

ताई: सेकंदकाटा दिसतो. तेवढा पुरे. मास्तर, त्या बारा प्रशिक्षकांना मी पत्र लिहीन. चूक माझी होती म्हणून.

मास्तर: चूक तुमची, व्याख्यान माझं. नऊ दिवसांत निम्मा आकडा मलाही दिसला होता, बाई. चाळीस वर्षं हात बघतोय लोकांचे, मला कळत नव्हतं असं नाही. आकडा आवडला. विचारलं नाही. चौदावी.

ताई: कोण ओरडलं?

मास्तर: कुणी नाही, पाय घसरला. सावरली. पंधरावी. आता भिंत बाहेर झुकते, इथून पुढे सगळं वजन बोटांवर. सोळावी. सतरावी. लहान पकडी आहेत, दोन बोटांच्या.

ताई: आवळतेय का?

मास्तर: इथून बोटं कशी दिसणार? अठरावी. हा, विसावा तिथे आहे, एकोणिसावी. मोठी पकड, पण एका वेळी एकच हात मावेल. धरली. थांबली.

ताई: कुठल्या हातावर?

मास्तर: डाव्यावर. ठरल्याप्रमाणे. उजवा सोडला खाली. शाबास.

ताई: एक. दोन. तीन. चार.

मास्तर: काय करतेय ही?

ताई: काय झालं?

मास्तर: परत वर घेतला. हात बदलतेय. पाय बदलले, कंबर फिरवली... हे मी शिकवलेलं नाही. उजव्यावर आली. डावा खाली सोडलाय, झटकतेय.

ताई: तिच्या उजव्यावर?

मास्तर: बाई, पाठ आहे तिची आपल्याकडे. तिचा उजवा तोच आपला उजवा.

ताई: मग पहिल्यापासून मोजते. एक. दोन.

मास्तर: वर-खाली करतेय डावा. पाच सेकंद वर, पाच खाली. विमान उतरवतेय.

ताई: आठ. नऊ.

मास्तर: उजवा थरथरतोय की मला भास होतोय? निघ आता. निघ.

ताई: नको. चोवीस लागतात. अर्धं यायला.

मास्तर: जुन्या आकड्याप्रमाणे.

ताई: आपल्याकडे तेवढाच आहे. चौदा. पंधरा.

मास्तर: वहीत काय लिहू?

ताई: सहा वाजून चार मिनिटं. एकोणिसावी पकड. उजव्या हातावर.

मास्तर: पुढे?

ताई: पुढचं अजून झालेलं नाही. बावीस. तेवीस.